उताराचा डाव

यंत्रमागांच्या गावात गोल्फवर बोलावयास उभे राहिलो, तेव्हा ‘कामगारांच्या माणसाला हा साहेबी नाद कोठून लागला?’ असा प्रश्न काही श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर दिसलाच. नाद आम्हांला नाही. १९२७ साली चेंबूरला स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाच्या कुंपणाबाहेरून जेवढा दिसला, तेवढाच आमचा या खेळाशी संबंध. बाकी सारे वाचलेले.

परंतु गोट्या खेळलेल्या माणसास यातले मर्म सांगावे लागत नाही. गलीभोवतीची जमीन कलती असली की सरळ मारलेली गोटी सरळ जात नाही. गोल्फमध्ये भोकाभोवती बारीक कापलेली हिरवळ असते, तिला ‘ग्रीन’ म्हणतात. तिच्यावर चढणीकडे मारलेला शेवटचा फटका सोपा, उतरणीकडचा महाकठीण. म्हणून चेंडू भोकाच्या खालच्या अंगाला आणावयाचा. आणि त्यासाठी आधीचा फटका कोणत्या बाजूने यावा, हे शेकडो यार्ड मागेच ठरवावयाचे. डाव भोकापासून मागे मांडत जावा लागतो.

स्कॉटलंडात नॉर्थ बेरिकच्या १५व्या होलला ‘रेडान’ म्हणतात. हे नाव क्रिमियन युद्धातील सेव्हास्तोपोलच्या रशियन बुरुजाचे. १८५५च्या जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये इंग्रज फौज त्यावर चालून गेली व दोन्ही वेळा मार खाऊन परतली. येथील हिरवळ उजवीकडून डावीकडे, खेळाडूपासून दूर उतरते. डाव्या तोंडाशी वाळूचा खोल खड्डा. निशाणावर नेम धरणारा बहुधा त्यात जातो. उजव्या खांद्यावर चेंडू टाकून पुढचे काम उतारावर सोपवणारा भोकाजवळ पोचतो. (संपाच्या दिवसांत आम्हीही कितीदा निशाणावरच नेम धरला आहे!)

उताराला हे बळ दिले कोणी? मेंढ्या चरत होत्या तोवर चेंडू गवतात अडे. १८३० साली इंग्लंडात स्ट्राउडजवळ एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कल्पना सुचली ती गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून! श्रोतेहो, कापडाच्या धंद्याशी या खेळाचे नाते असे जुने आहे. गवत जसजसे आखूड झाले, तसतसा तोच उतार जाचू लागला. काही जुन्या हिरवळी त्यापायी पुन्हा सपाट कराव्या लागल्या.

तो उतार वाचण्याची विद्या मात्र पुष्कळदा थैली वाहणाऱ्या कॅडीच्या पायांत असते. थैल्या वाहतच खेळ शिकलेल्या अली शेरने १९९१ साली दिल्लीत इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली.