प्रतीचा विस्तार आणि प्रतीचे प्रामाण्य : भांदकचा ताम्रपट ते डीव्हीडी

भद्रावती, म्हणजेच जुन्या लेखनातील भांदक, येथे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ (इ. स. ७७२) मधील ताम्रपट सापडला. ‘एपिग्राफिया इंडिका’च्या चौदाव्या खंडात त्याचे संपादन वि. सी. सुखटणकर यांनी केले. याच विद्वानाने १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे प्रमुख संपादकत्व स्वीकारले. ताम्रपटाच्या बाबतीत मूळ लेख धातूवर कायम होता. महाभारताच्या बाबतीत मूळ ग्रंथ लुप्त होऊन केवळ प्रतींच्या प्रती उरल्या होत्या. साधन मूळ की प्रत, आणि प्रत असल्यास ती कितव्या पिढीची, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी आरंभीच उपस्थित होतो. चलच्चित्राच्या डीव्हीडी तबकडीसंबंधीही तोच प्रश्न विचारणे अवश्य आहे.

दोन प्रतिस्पर्धी उद्योगसमूहांत १९९५ मध्ये तडजोड होऊन डीव्हीडीचे स्वरूप ठरले, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये तिची यंत्रे जपानमध्ये विक्रीस आली. एकपदरी तबकडीची धारणशक्ती ४.७ अब्ज बाइट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. संगणक मात्र गिगाबाइट मोजताना बहुधा १,०७,३७,४१,८२४ बाइटांचे माप वापरतो. त्या मापाने हीच धारणशक्ती सुमारे ४.३८ भरते. पडद्यावर ‘४.५’ दिसणारी फाइल ‘४.७’ छापलेल्या तबकडीवर मावत नाही, या नित्याच्या तक्रारीचे मूळ या दुहेरी मापात आहे.

फाइलचा आकार चित्रातील पात्रांच्या संख्येवर किंवा दृश्याच्या भव्यतेवर नव्हे, तर कालावधी आणि दर सेकंदाचे बिट यांच्या गुणाकारावर ठरतो. चंद्रपूर-गडचिरोली भागातील झाडीपट्टी रंगभूमीवरील रात्रभर चालणाऱ्या नाटकाचे उदाहरण घेता येईल. पाच तासांचा प्रयोग मिनी-डीव्ही फितीवर टिपल्यास, ताशी सुमारे १३ अब्ज बाइट या हिशेबाने तो ६५ अब्ज बाइट होतो. एका तबकडीवर तो बसवायचा तर सेकंदाला जेमतेम २०.९ लाख बिट वाट्यास येतात. दोन तासांच्या चित्रपटास हाच वाटा ५२ लाखांचा असतो. त्यातही ध्वनी असंक्षिप्त ठेवल्यास तो एकटाच १५.३६ लाख बिट घेतो, आणि चित्रास जेमतेम साडेपाच लाख उरतात. ध्वनी १.९२ लाखांवर आणल्यास चित्रास सुमारे १९ लाख मिळतात. यास्तव आकार न जुळल्यास प्रथम ध्वनीचे स्वरूप तपासावे आणि तरीही चित्र विटत असल्यास प्रयोग दोन किंवा तीन तबकड्यांत विभागावा, हा मार्ग हिशेबानेच सिद्ध होतो.

दुसरी अडचण पुनःसंकेतनाची. डीव्हीडीवरील एमपेग-२ पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडून त्यांचे ‘डिस्क्रीट कोसाइन’ रूपांतर करतात. हे रूपांतर नासिर अहमद, नटराजन व राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. रूपांतर स्वतः जवळजवळ निर्दोष आहे. हानी होते ती त्यानंतर आकडे ठोकळ केले जातात तेथे. एकदा ठोकळ झालेला आकडा मूळ स्थितीस येत नाही, आणि पुनःसंकेतनात ठोकळ आकडेच पुन्हा ठोकळ होतात. तबकडी सिद्ध करणाऱ्या काही प्रणाली, फाइल आधीच नियमानुसार असली तरी, ध्वनीचे नमुने सेकंदाला ४८,००० ऐवजी ४४,१०० आहेत एवढ्याच कारणावरून चित्रासकट सर्व काही नव्याने संकेतित करीत. अशा वेळी केवळ ध्वनी वेगळा काढून सुधारणे आणि चित्रास हात न लावणे, हाच योग्य उपाय ठरतो.

याहून फसवा प्रकार असा की, सेकंदाला २० लाख बिटांची फाइल ६० लाखांवर पुनःसंकेतित केली असता तिचा आकार तिपटीने वाढतो, परंतु गेलेला तपशील परत येत नाही. महाभारताच्या दाक्षिणात्य पाठपरंपरेचा विस्तार मोठा आहे; तथापि विस्तारामुळे ती मूळाच्या अधिक निकट ठरत नाही, हे सुखटणकरांच्या चिकित्सेने दाखविले. फरक एवढाच की, लेखनिकाच्या भरीस पुष्कळदा स्वतंत्र वाङ्मयीन मूल्य असते. यंत्राच्या भरीस तेही नसते.

झाडीपट्टीच्या प्रयोगांचा इतिहास उद्या ज्यांना लिहावयाचा आहे, त्यांच्या दृष्टीने ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. नटाच्या मुद्रेवरील सूक्ष्म भाव व मागील पडद्याचे रंगकाम हेच तपशील अल्प बिटांत प्रथम नष्ट होतात. म्हणून संग्रहालयाने तबकडीस मूळ साधन न मानता कॅमेऱ्यातील फीत किंवा फाइल जतन करावी, आणि सूचीत बिटांचा वेग व झालेल्या संकेतनांची संख्या नोंदवावी. जेथे मूळ उरलेले नाही तेथे तबकडीवरील माहिती अधिक संक्षेप न करता जशीच्या तशी उतरवून घ्यावी. ताम्रपट सुलभ नसल्यास त्याचा ठसा जपतात, पण त्यावर नवी अक्षरे गिरवीत नाहीत.