गटापर्चा

गटापर्चा : पॅलॅक्वियम गुट्टा (कुल : सॅपोटेसी) या वृक्षाच्या चिकापासून मिळणारा विद्युत् निरोधक पदार्थ. मलाया, सुमात्रा व बोर्निओ ही या वृक्षाची जन्मभूमी. आपला चिकू याच कुळातला.

मलायी लोक गटापर्चाच्या मुठी व दांडे घडवीत. 1843 च्या सुमारास विल्यम माँटगोमेरी यांनी त्याचे नमुने लंडनला पाठविले. 1847 मध्ये व्हेर्नर सीमेन्स यांनी तारांवर त्याचे अखंड वेष्टण चढविले. 1848 मध्ये फॅराडे यांनी त्याच्या निरोधकतेकडे लक्ष वेधले.

रासायनिक दृष्ट्या तो ट्रान्स-पॉलिआयसोप्रीन, म्हणजे रबराचाच समघटक (पहा : रबर). मात्र तो रबरासारखा ताणला जात नाही. गरम पाण्यात मऊ होतो, हवा तो आकार घेतो, थंड झाल्यावर कडक होतो. उघड्या हवेत व उन्हात ठिसूळ होणारा हा पदार्थ समुद्राच्या थंड तळाशी दशकानुदशके टिकतो.

नेमका हाच गुण तारायंत्राच्या पथ्यावर पडला (पहा : तारायंत्रविद्या). 1866 ची अटलांटिक केबल आणि ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने 1870 मध्ये अंथरलेली मुंबई–एडन केबल, दोन्हींचे निरोधन गटापर्चाचेच होते. चिकासाठी झाडेच तोडली जात, त्यामुळे जंगले झपाट्याने उजाड झाली. विसाव्या शतकाच्या मध्याला पॉलिएथिलिनाने त्याची जागा घेतली. दाताच्या रूट कॅनालमध्ये मात्र तो आजही भरतात.