१७ सप्टेंबर : कृती समितीचे अध्यक्ष
१९४८ साली आजच्या दिवशी हैदराबाद संस्थानाच्या लायक अली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, निजामाने युद्धविराम जाहीर केला आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ कारामुक्त झाले. औरंगाबादेत भारतीय फौजा त्यापूर्वीच दाखल झाल्या होत्या. परंतु १९४७ च्या ऑगस्टपासून स्वामीजींचा बहुतेक काळ निजामाच्या बंदिवासात जात असता, स्टेट काँग्रेसच्या कृती समितीचे अध्यक्षपद शिरावर घेऊन संस्थानाच्या सरहद्दीवरील छावण्यांतून चाललेल्या सशस्त्र प्रतिकाराचे सूत्रचालन ज्यांनी केले, त्या दिगंबरराव बिंदू या मराठवाड्यातील वकिलांचे स्मरण आपल्या शहराने कृतज्ञतेने करावयास हवे. अध्यक्षाविना संघटना विस्कळीत होऊ न देणे, हे कार्य रणांगणावरील पराक्रमाहून तिळमात्र न्यून नव्हते. हैदराबाद राज्याच्या १९५२ च्या बुर्गुल रामकृष्ण राव मंत्रिमंडळात तेच गृहमंत्री झाले.