ताशी पंधरा किलोमीटर

माझे वडील अडतीस वर्षे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. त्यांतली पहिली एकोणीस वर्षे ते सायकलने गेले. घर पुण्याच्या कसबा पेठेत. डेंगळे पूल ओलांडायचा, शिवाजीनगरवरून वाकडेवाडीला लागायचे आणि पुढे मुंबईच्या रस्त्याने खडकी. अंतर सुमारे सात किलोमीटर. पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास ते घरातून निघत. पँटला क्लिप, कॅरियरला डबा, पावसाळ्यात मेणकापडाचा कोट. सात किलोमीटर अर्ध्या तासात, म्हणजे ताशी चौदा-पंधराचा वेग. त्यांनी तो कधी मोजला नाही. मी मोजला, तोही पन्नाशी ओलांडल्यावर आणि धावण्याच्या नादामुळे.

मी कोथरूडला राहतो आणि नोकरीसाठी बाणेरला जातो. नऊ किलोमीटर, सायकलने. आठवड्यातून चार दिवस पहाटे धावतो आणि वर्षातून एखादी मॅरेथॉन पळतो. माझी आजवरची चांगली वेळ चार तास एकवीस मिनिटे. भागाकार केला तर ताशी दहा किलोमीटरही भरत नाहीत. पण स्पर्धेत कुणी मला वेळ विचारून लाजवत नाही, कारण मी ‘हौशी’ आहे. हौसेला मोल नसते, तसा वेगही नसतो.

हा ‘हौशी’ शब्द मी बरीच वर्षे निरागस समजत होतो. मराठीत तो तसा आहेही. हौशी नाटक मंडळी म्हणजे दिवसभर कचेरीत किंवा शाळेत राबून रात्री तालमीला बसणारी माणसे. पण खेळाच्या जगात हा शब्द ज्या इंग्रजी कल्पनेसाठी आला, तिचा जन्म इतका साधा नाही. १८६६ साली लंडनमध्ये हौशी धावपटूंचा एक क्लब निघाला. हौशी कोण, याची त्यांनी व्याख्या केली. बक्षिसाच्या पैशासाठी धावणारा हौशी नव्हे, इथवर समजण्यासारखे होते. पण कारागीर, यंत्रावर काम करणारा किंवा मजूर हाही हौशी नव्हे, असे त्यांनी ठरवले. त्याने शर्यतीत कधी एक पैसाही घेतलेला नसला तरी. जो अंगमेहनतीवर पोट भरतो त्याचे शरीर आधीच धंद्याला लागलेले आहे, सभ्य गृहस्थाने त्याच्याशी स्पर्धा करू नये, असा तो विचार होता. १८८० मध्ये इंग्लंडची नवी ॲथलेटिक्स संघटना स्थापन झाली आणि धावण्यातून ही अट गेली. हेन्लीच्या नौकाशर्यतीत मात्र ती १९३७ पर्यंत टिकून होती.

म्हणजे त्या व्याख्येने माझे वडील हौशी ठरले नसते. मी ठरलो असतो, कारण मी दिवसभर खुर्चीत बसतो.

या व्याख्येची आणि पुण्याची गाठ १९१९ च्या सुमारास पडली. डेक्कन जिमखाना ही संस्था पुण्यात १९०६ साली सुरू झाली होती आणि दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात दोराबजींनी जे पाहिले ते त्यांच्या लक्षात राहिले. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती आठवण सांगितली आहे. धावायला आलेली मुले बहुतेक शेतकरी घरांतली होती. खेळाचे नियम त्यांना माहीत नव्हते, ती अनवाणी धावत होती, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. मुंबई प्रांताचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने हिंदुस्थानचा संघ १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवायचे ठरले. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी उचलला. चार धावपटू आणि दोन पैलवान बोटीने निघाले. त्यांतले रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. मॅरेथॉनला दोघे उभे राहिले. सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. दुसरे होते बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. ते एकोणिसावे आले.

चौगुल्यांची वेळ होती दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंद. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर पुढच्या वर्षी, १९२१ मध्ये, कायमचे ठरले. तोवर दर ऑलिंपिकला अंतर थोडेफार बदलत असे. अँटवर्पचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिंपिकमध्ये याहून लांब मॅरेथॉन आजवर झालेली नाही. आता भागाकार करून पाहा. एका किलोमीटरला चार मिनिटे, जवळजवळ नेमकी. ताशी पंधरा किलोमीटर.

हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा कागद तसाच हातात धरून बसलो. बेळगावच्या त्या माणसाला कसब्यातून खडकीला निघालेल्या माझ्या वडिलांच्या सायकलशेजारी धावता आले असते. आणि सात किलोमीटरांवर कारखान्याचे फाटक आले तरी तो थांबला नसता. आणखी पाच वेळा तेवढेच अंतर त्याच वेगात धावला असता.

अँटवर्पच्या धावपटूंची नावे आज थोड्यांना ठाऊक असतील, पण ती कुठेतरी लिहिलेली तरी आहेत. सायकलने कामाला गेलेल्यांची नावे कुठेच नाहीत, आणि पुण्यात तेच संख्येने जास्त होते. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते त्यांच्यामुळे. शहर सपाट, पेठांतले रस्ते अरुंद, अंतरे बेताची, आणि बस पुरेशा नाहीत. सुरुवातीच्या सायकली विलायती असत: रॅले, हर्क्युलस, बीएसए. स्वातंत्र्यानंतर मद्रासला, आसनसोलला, सोनिपतला आणि लुधियानाला कारखाने निघाले आणि सायकल साध्या कामगाराच्या आवाक्यात आली. ज्याची स्वतःची नव्हती तो सायकलच्या दुकानातून तासाच्या भाड्याने घेई. माझी आई अशाच भाड्याच्या सायकलवर शिकली. तासाचे पैसे तिचे, आणि मागून कॅरियर धरून पळणारा तिचा धाकटा भाऊ. घरातला पहिला धावपटू म्हणायचा तर तोच.

वडिलांच्या आठवणीतल्या सायकलला कायदेही होते. वर्षाचा कर भरायचा आणि त्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावायचा. रात्री दिवा हवा. डबलसीट दिसली की पोलीस चाकातली हवा सोडत. शहर सायकलीकडून कर घेत होते, तिला दंड करत होते, म्हणजेच तिची दखल घेत होते. पाळी सुटली की खडकीच्या रस्त्यावर सायकलींचा असा लोंढा येई, की मोटारींना त्यांच्या मागून चालावे लागे. वडील हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमान असतो. सायकलचा नव्हे, संख्येचा.

त्यांची पहिली सायकल १२ जुलै १९६१ ला गेली. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही टिकले नाही, आणि मुठेचे पाणी काठच्या पेठांत शिरले. घरची माणसे वाचली. सायकल जिन्याखाली होती, ती वाहून गेली. वडील पंधरा दिवस पायी कामाला गेले. मग हप्त्याने दुसरी घेतली. ‘पायी जाताना कळलं, सायकल म्हणजे काय,’ एवढेच ते त्याबद्दल बोलतात.

पुण्यातली सायकल मोडायला पूर आला नाही. तिला मोडणारी वाहने पुण्याच्याच आसपास तयार झाली. आकुर्डीला बजाजचा स्कूटरचा कारखाना होता आणि तिथून १९७२ मध्ये चेतक बाहेर पडली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. त्याच वर्षी फिरोदियांची लूना आली. पन्नास सीसीचे इंजिन, आणि शिवाय पायडल. ज्याला स्कूटर परवडत नव्हती आणि सायकलचा कंटाळा आला होता, त्याच्यासाठी ते वाहन होते. १९७९ मध्ये वडिलांनी लूना घेतली.

इथे मला एक गोष्ट सरळ लिहिली पाहिजे. सायकलीवर लिहिताना आम्ही हौशी मंडळी हळहळतो: काय ते शहर होते, काय ती शांतता. वडिलांना अजिबात हळहळ वाटत नाही. लूना घरी आली त्या संध्याकाळी त्यांनी तिला हार घातला आणि आम्हा मुलांना एकेक करून फेरी मारून आणली. ‘एकोणीस वर्षं वाऱ्याच्या तोंडावर पायडल मारलं, आता पायांना पेन्शन,’ असे ते म्हणाले. मी बेचाळिसाव्या वर्षी सायकल विकत घेतली, त्यांच्या लूनाच्या कितीतरी पट किमतीची, आणि ती कामावर न्यायला लागलो. तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. शेवटी आईला म्हणाले, ‘नोकरी गेलीये का त्याची? विचार जरा.’

त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. सायकलवरून येणारा माणूस गरीब, हे शहराने दरम्यानच्या काळात मनाशी पक्के केले होते. मी कामाला जातो त्या इमारतीच्या फाटकावर पहिल्या आठवड्यात मला मागच्या बाजूने, सामान उतरवतात तिथून आत जायला सांगण्यात आले. मी ओळखपत्र दाखवले. मग रक्षकाने माफी मागितली आणि पुढचे फाटक उघडले. त्याच्या माफीने मला जास्त वाईट वाटले. त्याची स्वतःची सायकल मागेच लावलेली होती.

या रक्षकांपैकी एक जण मला रविवारी भेटतो. मी चांदणी चौकाकडून लांबच्या धावेला निघालेला असतो आणि ते रात्रपाळी संपवून घरी जात असतात. जुनी काळी सायकल, चेनचे कव्हर निघालेले, हँडलला डबा. पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी वेग कमी केला आणि काळजीने विचारले, ‘साहेब, काय झालं? बसा मागं, सोडतो.’ मी धापा टाकत म्हणालो, काही झालेलं नाही, मी असाच धावतोय. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘बरं हाय.’ आता ते थांबत नाहीत, घंटी वाजवून पुढे जातात. एका बाजूची त्यांची फेरी बारा किलोमीटरांची आहे. आठवड्यात सहा दिवस, जाऊन-येऊन. माझ्या आठवड्याच्या धावण्याच्या आणि सायकलच्या बेरजेपेक्षा ती जास्त भरते. त्यांच्या मनगटावर ते मोजणारे घड्याळ नाही, म्हणून ती कुठल्याच यादीत येत नाही.

शहराला पुन्हा सायकल आठवली तेव्हा हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या इतिहासाचा उरला नाही. २००६ मध्ये कात्रज ते हडपसर बसचा वेगळा मार्ग झाला. त्याच्या कडेने सायकलचे पट्टेही आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने शहरासाठी सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. अशा आराखड्यांवरच्या चर्चांना आम्ही हौशी लोक आवर्जून जातो. हेल्मेट काखेत घेऊन बसतो आणि प्रदूषण, आरोग्य, युरोपातली शहरे यांवर बोलतो. मीही बोललो आहे. एकदा बोलून खाली बसल्यावर लक्षात आले, की खोलीत रोज पोटासाठी सायकल चालवणारा एकही माणूस नाही. सभेची वेळ सकाळी अकराची होती. ते झोपलेले तरी असणार, नाहीतर कामावर.

१८६६ च्या त्या क्लबाने मजुराला दाराबाहेर ठेवायला नियम लिहिला होता. आम्हाला तो लिहावाही लागला नाही. पट्टा कुठे हवा, असे विचारले तर आम्ही रविवारच्या सकाळी रमणीय दिसणारी जागा दाखवतो: नदीकाठ, टेकडीचा पायथा, झाडांचा रस्ता. त्या रक्षकांना पट्टा हवा आहे तो पहाटे सहाला ट्रक धावतात त्या रस्त्यावर. कोथरूड ते बाणेर मलाही तोच हवा आहे. फरक इतकाच, की पाऊस जास्त झाला तर मी रिक्षा करतो.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. सायकलींबद्दल कुठे बोलायची वेळ आली तर हौशी म्हणून बोलत नाही, कसबा पेठ ते खडकी या रस्त्यावरून बोलतो. शहरातली सायकल हौसेने आली नव्हती आणि हौसेने टिकलेली नाही. ज्यांना दुसरा मार्ग नाही त्यांनी ती टिकवली आहे. त्यांच्या रस्त्यावर त्यांना सुरक्षित जाता आले, तर आमची हौस आपोआप भागेल. उलटे होणार नाही.

वडील आता पंच्याऐंशीचे आहेत. गेल्या वर्षीच्या मॅरेथॉननंतर त्यांनी माझी वेळ विचारली, चष्मा लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने हिशेब केला. म्हणाले, ‘म्हणजे मी सायकलवरून तुझ्या बराच पुढे.’ मी त्यांना चौगुल्यांची वेळ सांगितली. त्यांनी पुन्हा हिशेब केला, मग पेन्सिल ठेवली.

‘हा आमच्या बरोबरीनं आला असता,’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने विचारले, ‘पायात काही होतं का रे त्याच्या?’