'क'ने सुरू होणारे शब्द

संगणकाची भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही धड्यांतच एक सोपे उदाहरण सोडवावे लागते : शब्दांच्या यादीतून अमुक अक्षराने सुरू होणारे शब्द वेगळे काढा. पायथनमध्ये उत्तर एका ओळीचे. बेंगळुरूतील विद्यार्थ्याने यादी कन्नडमध्ये घेतली किंवा मराठीत, तरी आज तीच ओळ चालते. पण हे आपोआप घडलेले नाही.

छापील 'किरण' शब्दात डावीकडून प्रथम दिसते ती वेलांटी. उच्चारात प्रथम येतो 'क'. मग संगणकाने आधी काय साठवावे? आयआयटी कानपूरमधील संशोधनातून पुढे आलेल्या 'इस्की' संकेतप्रणालीने कानाचा कौल मानला : आधी व्यंजन, मग स्वरचिन्ह. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तिला मानक केले; त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने तिच्या १९८८च्या आवृत्तीतील मांडणी उचलली. म्हणूनच देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५, कन्नड 'क'चा ३२२१; 'ख', 'ग' घेतले तरी अंतर तेच, ८९६. थाई लिपीने मात्र डोळ्याचा क्रम राखला, आणि तिथे शब्द अकारविल्हे लावण्यापूर्वी चिन्हांची अदलाबदल करावी लागते.

दुर्दैवाने मानक एकीकडे आणि छपाईचा व्यवहार दुसरीकडे राहिला. बेंगळुरूत घडलेल्या 'नुडी' या कन्नड प्रणालीच्या जुन्या संकेतांत अक्षराऐवजी आकृती साठवली जाई : 'क'चा आकार रोमन 'पी'च्या जागी, तर 'कि' हा सबंध आकार 'क्यू'च्या जागी. अशा मजकुरात 'क' शोधला की 'कमल' सापडते, 'किरण' निसटते. मराठी डीटीपीच्या अनेक जुन्या फॉन्टांत तर शब्दाची सुरुवातच वेलांटीने होते. यंत्र चूक दाखवत नाही, यादी तेवढी मुकाट्याने तोकडी होते. त्या काळातील कागदपत्रे आणि पुस्तके युनिकोडमध्ये उतरवल्याविना नीट शोधता येत नाहीत, ती याचमुळे.

एक गाठ युनिकोडनेही सोडवलेली नाही. 'क्षमा'चा आरंभ त्याच्या लेखी 'क', हलन्त आणि 'ष' असा; त्यामुळे ती 'क'च्या यादीत जाते. आपट्यांच्या १८९०च्या संस्कृत कोशातही 'क्ष' 'क'खालीच आहे. मराठी अंकलिपी मात्र 'क्ष'ला 'ज्ञ'सोबत शेवटी, स्वतंत्र बसवते. अंकलिपीप्रमाणे यादी हवी असणाऱ्याला त्या एका ओळीत आणखी एक अट घालावी लागते.