घरफोडी आणि कायदा

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात घरफोडी सिद्ध होण्यास रात्र, परक्याचे राहते घर, फोडणे, आत शिरणे व मोठ्या गुन्ह्याचा हेतू ही पाच अंगे लागत. १८६० च्या भारतीय दंड संहितेने रात्रीची अट सोडली. रात्रीच्या घरफोडीस शिक्षा मात्र अधिक ठेविली. इंग्लंडने ती अट १९६८ साली काढिली. निजामी अमलाखालून आलेल्या बीड जिल्ह्यास ही संहिता १९५१ साली लागू झाली. तिच्या ४४५ व्या कलमाचे पहिले उदाहरण भिंतीस भोक पाडून आत हात घालण्याचे आहे. आपल्याकडील मातीच्या भिंतींस ते नेमके लागू पडते. दुष्ट हेतूने नुसता हात शिरला तरी गुन्हा पुरा होतो. २०२४ पासून अमलात असलेल्या न्याय संहितेतही घरफोडी निराळा गुन्हा आहे. म्हणून 'काही गेले नाही' एवढ्यावरून फिर्याद टाळू नये. कायदा मालाआधी घराची निर्धास्तता राखतो.