मायक्रोवेव्ह ओव्हनची दुरुस्ती

मायक्रोवेव्ह ओव्हन हे सुमारे २.४५ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या सूक्ष्मलहरींनी अन्न गरम करणारे विद्युत उपकरण आहे. त्यातील किरकोळ बिघाड घरी दूर करता येतात. मात्र बाह्य आवरण उघडून केलेली दुरुस्ती प्राणघातक ठरू शकते.

घरगुती तपासणी
ओव्हन सुरू न झाल्यास सॉकेटमधील वीजपुरवठा, दाराची पकड आणि चाइल्ड लॉक तपासतात. काचेची तबकडी अडखळल्यास तिच्याखालील चाकांचे कडे धुऊन पुन्हा बसवतात. ठिणग्या उडाल्यास ओव्हन बंद करून आतील धातूचे भांडे काढतात आणि आतल्या भिंतीवरील अभ्रकपत्र्याला चिकटलेले अन्नकण पुसतात. जळलेला पत्रा बदलावा लागतो.

अंतर्गत बिघाड
दिवा लागून तबकडी फिरत असूनही अन्न गरम न झाल्यास दोष बहुधा मॅग्नेट्रॉनमध्ये किंवा त्याच्या उच्चदाब मंडलात असतो. या मंडलात सुमारे ४,००० व्होल्टपर्यंत दाब निर्माण होतो. प्लग काढल्यानंतरही धारित्रात विद्युतभार शिल्लक राहू शकतो व त्याच्या स्पर्शाने मृत्यू ओढवू शकतो. दार उघडताच सूक्ष्मलहरी थांबवणारे स्विच निकामी करून ओव्हन चालवणेही घातक असते. त्यामुळे हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवले जाते.